तिसऱ्या किनाऱ्याचं पाणी

हॉटेलच्या काउंटरवर एक घडीचं पत्रक ठेवलेलं असे. चकचकीत, हातात घेतलं की बोटांचे ठसे उमटतील असं. वर मोठ्या अक्षरात छापलेलं, 'एका दिवसात सात किनारे', आणि खाली सात फोटो. प्रत्येक फोटोखाली चार ओळींची लाळ. पहिला किनारा म्हणे साखरेसारख्या वाळूचा. ती वाळू हॉटेल दर सहा महिन्यांनी बाहेरून आणून ओतायचं आणि समुद्र ती पुढच्या सहा महिन्यांत घेऊन जायचा. दुसऱ्यावर झाडांना झोपाळे. चौथ्यावर कासवं येतात असं छापलं होतं, फक्त कासवांना तसं कोणी कळवलं नव्हतं. पाचव्यावर खडक. सहावा निर्जन, आणि तिथे बोटीला बोट लागलेली, उतरायचं तर दुसऱ्याच्या बोटीतून उतरायचं. सातव्यावर सूर्य बुडतो.

तिसऱ्याखाली लिहिलं होतं, 'पाचूच्या रंगाचं, अंगाला लागताच उबदार वाटणारं पाणी.'

रंग पाचूचाच होता, त्यात खोटं नव्हतं. तो कुठून आला हे बेटावर दोनच माणसांना पक्कं माहीत होतं. एक हॉटेलचा साहेब. दुसरा हॉटेलचा नळवाला.

नळवाल्याचं काम म्हणजे नळ, मोऱ्या, तुंबलेले संडास आणि मागच्या अंगणाखालची मोठी टाकी. दोनशे खोल्यांमधली दोनशे कुटुंबं रोज जे काही पोटातून आणि न्हाणीघरातून खाली सोडत, ते सगळं त्या टाकीत जमा होई. टाकीवर लोखंडी झाकण, झाकणाच्या बाजूला वाल्व, वाल्ववर हातभर रुंदीचं लाल चाक. चाक डावीकडे फिरवलं की टाकीतलं सगळं जाड नळातून टेकडीच्या टोकाशी समुद्रात जाई. शुद्ध करायचं यंत्र होतं. त्याच्या खोलीला कुलूप होतं आणि आत बागेतल्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. कधी तपासणीला कोणी आलं तर खुर्च्या बाहेर निघत, यंत्राचा दिवा लागे, चहा होई, आणि खुर्च्या परत आत जात.

तरी सुरुवातीची काही वर्षं नळवाल्याने आपल्यापुरता एक नेम पाळला होता. त्याचा बाप मासेमार. भरती-ओहोटी त्याला लहानपणापासून पाठ. टेकडीच्या टोकाशी ओहोटीचं पाणी सरळ बाहेर, खोल समुद्रात ओढतं. भरतीचं पाणी तेच टोक वळसा घालून तिसऱ्या किनाऱ्याच्या खोबणीत शिरतं आणि तिथेच घोळत बसतं. म्हणून तो टाकी फक्त ओहोटी लागली की सोडायचा. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तसा तोही सरके. आज दुपारी दोनला, उद्या पावणेतीनला, आठवड्याने पहाटे. घाण ती घाणच, पण निदान परत येत नव्हती.

मग एका पाहुणीची झोपमोड झाली. पहाटे झाकण वाजलं, तिने तक्रार लिहिली, आणि साहेबाने फर्मान काढलं. टाकी रोज सकाळी दहाला उघडायची, अकराला बंद. त्या वेळी पाहुणे बोटीने किनारे बघायला गेलेले असतात, वासही कोणाला यायचा नाही.

नळवाल्याने समजावून बघितलं. महिन्यातले निम्मे दिवस दहाला भरती असते, सगळं तिसऱ्या किनाऱ्यावर जाईल, असं त्याने कागदावर टेकडी आणि नळ काढून दाखवलं. साहेब दात कोरत होता. त्याने तो कागद घेतला, त्याला बोट पुसलं आणि म्हणाला, "समुद्राला घड्याळ कळत नाही. तुला कळतं ना? मग झालं."

नळवाल्याला घड्याळ कळत होतं. हॉटेलच्या मागे दिलेल्या दोन खोल्याही कळत होत्या, आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच हॉटेलात लागलेली लेकही.

लेकीला सगळे मासोळी म्हणत. चालायच्या आधी पोहायला शिकली असं तिची आई सांगे. बाईच्या बोलण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी पोर पाण्यातली होती हे खरं. सात किनाऱ्यांच्या सफरीवर ती वाटाडी. बोटीच्या टोकाशी उभी राहून पाहुण्यांना हसवायची, लेकरांना कमरेला धरून पोहायला शिकवायची, म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून पाण्यात न्यायची. आणि सफरीतली पोहायची जागा होती तिसरा किनारा. बोट तिथे साडेअकराला लागायची. अकराला वाल्व बंद, साडेअकराला पाहुणे पाण्यात. साहेबाच्या घड्याळाचा हिशेब इतका चोख होता.

लेकीला खरं सांगायचं तर काय सांगायचं? की तू ज्या पाण्यात हसतेस ते तुझा बाप सोडतो? नळवाल्याची जीभ उचलेना. त्याने दुसरी वाट काढली. भरतीच्या दिवशी सकाळी भाकरी मोडता मोडता तो सहज म्हणे, "आज तिसऱ्यावर जेलीफिश असतील. वारा तसा आहे."

मासेमाराच्या मुलाचा शब्द. पोरीने तो सोन्यासारखा मानला. त्या दिवशी ती पाहुण्यांना तिसऱ्यावर पाण्यात उतरू द्यायची नाही. वाळूवर खेळवायची, फोटो काढून द्यायची, पुढे न्यायची. पाहुणे खूश. ही पोरगी जेलीफिशचा दिवस ओळखते असं त्यांनी हॉटेलच्या वहीत लिहून ठेवलं. साहेबानेही एकदा सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. नळवाला त्या वेळी शेजारच्याच मोरीत कोपरापर्यंत हात घालून केसांचा गुंता ओढत होता. त्याला वाटलं, जमलं. आपण मधल्या मध्ये सगळ्यांना वाचवलं.

दीड वर्ष हे असं चाललं.

त्या दीड वर्षात मासोळीचे कान वाहायला लागले. आधी डावा, मग दोन्ही. पिवळट, चिकट, उशीला डाग पडे आणि वास येई. डॉक्टर म्हणाला, पाण्यात जास्त असते म्हणून. थेंब दिले. रोज संध्याकाळी ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी व्हायची आणि बाप कानात थेंब टाकायचा, कारण आईचा हात थरथरे. कापसाने आधी पू टिपायचा, मग थेंब, मग कानामागे हळूच दाबायचं. कधी मांड्यांवर फोड उठत, कधी पोट बिघडे. बायको म्हणे, "अहो, हिला काही तरी चावतं पाण्यात." तो म्हणे, चावत असेल. म्हणायचा आणि कापूस गुंडाळून फेकून यायचा. त्या वासाची त्याला ओळख पटत होती. दिवसभर तोच तर नाकात असे. पण माणूस आपल्याच नाकाला खोटं पाडायला शिकला की त्यात तरबेज होतो. नळवाला झाला होता. तिला जेलीफिशच्या दिवशी आपण पाण्याबाहेर ठेवतो, मग हे आपल्यामुळे कसं असेल, असं तो स्वतःला रोज समजावायचा.

मग पत्रक नवं छापायचं ठरलं. फोटोवाला आला. गळ्यात दोन कॅमेरे, आणि तोंडात एकच शब्द, 'ताजं'. त्याला ताजे चेहरे हवे होते, ताजं पाणी हवं होतं. मुखपृष्ठावर तिसरा किनारा आणि पाण्यात हसणारी मासोळी, भोवती पाहुणे, असं साहेबाने पक्कं केलं. दिवसही ठरला.

त्या दिवशी सकाळी दहाला भरती होती. आदल्या चार दिवसांचीही तीच गत. चार दिवसांचं खोबणीत साचून होतं.

नळवाल्याने सकाळी भाकरी मोडली आणि म्हणाला, "आज जेलीफिश आहेत. खूप आहेत. फोटो उद्यावर टाका म्हणावं."

मासोळी केस बांधत होती. आज नाही टाकता यायचं, म्हणाली. साहेबाने निक्षून सांगितलंय. मग आईकडे बघून हसली आणि बापाला म्हणाली, "तुम्ही घाबरू नका बाबा. मी आधी उतरून बघते ना, नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे?"

तिने जीभ चावली. मग, आता सांगून टाकायला हरकत नाही असं वाटून, सांगत सुटली. जेलीफिशच्या दिवशी पाहुण्यांना वाळूवर बसवून ती एकटी हातजाळी घेऊन पाण्यात उतरायची. अर्धा अर्धा तास. बुडी मारून तळापर्यंत बघायची. जेलीफिश सापडले तर काढून टाकू, म्हणजे निदान शेवटी लेकरांना पाय तरी भिजवता येतील. पाहुणे इतक्या लांबून येतात, बिचारे. "तुम्ही रागवाल म्हणून बोलले नव्हते. पण एकसुद्धा नाही सापडला अजून. दीड वर्षात एक नाही. आई म्हणते ते लबाड असतात, मला बघून पळतात."

आई हसली. तिने तसं म्हटलंही असेल.

नळवाल्याच्या हातातला तुकडा हातातच राहिला. चांगल्या दिवशी ती पाहुण्यांबरोबर डोकं वर ठेवून पोहत होती. वाईट दिवशी, ज्या दिवशी पाणी नुसतं संडास होतं, त्या दिवशी ती एकटी, डोळे उघडे ठेवून, बुड्या मारत होती. त्यानेच तिला पाठवलं होतं. दिवस नेमून, वार सांगून.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. बोटीचा भोंगा वाजला, पोरीने चपला पायात सरकवल्या आणि गेली, आणि हा तोंडात भाकरीचा घास तसाच धरून बसला. असल्या माणसांना लोक साधा म्हणतात. साधा नव्हे, भित्रा. दीड वर्षाचा भित्रेपणा एका घासात गिळता येत नाही, म्हणून तो घास त्याने दाराबाहेर जाऊन थुंकला.

दहा वाजता तो टाकीपाशी उभा होता. झाकणाखाली बुडबुडे वाजत होते. काल रात्री हॉटेलात लग्नाची पार्टी झाली होती, त्यामुळे टाकी गळ्याशी आली होती. मागच्या अंगणात, टाकीच्या वरच, फोटोवाल्यासाठी दुपारच्या जेवणाची टेबलं मांडली होती. टेबलांवर पांढरी कापडं, कापलेली फळं, बर्फात ठेवलेल्या बाटल्या. साहेब फळांवर माशा बसू नयेत म्हणून एकाला पंखा घालायला लावत होता. त्याने लांबूनच मनगटावरच्या घड्याळावर बोट ठोकलं.

नळवाल्याने चाकाला हात घातला. डावीकडे नाही फिरवलं. पान्याने मधला नट सैल केला, चाक उपसून काढलं आणि काखेत मारलं. बस. आता त्या वाल्वचं नुसतं बोंड उरलं होतं आणि ते फिरवायची अक्कल हॉटेलात दुसऱ्या कोणाला नव्हती. साहेबाला माहीत होतं ते फक्त घड्याळ.

साहेब धावत आला. कुठे चाललास, चाक कुठे नेतोस, टाकी भरलीय, तासाभरात वर येईल, असं सगळं त्याने एका दमात विचारलं. नळवाला म्हणाला, "येऊ द्या वर. तुमचंच आहे."

आणि तो टेकडी चढायला लागला.

टेकडीवरून तिसरा किनारा अर्ध्या-पाऊण तासाची वाट. पन्नाशीचा माणूस, काखेत लोखंडी चाक, धापा टाकत चढला. माथ्यावरून खाली खोबणी दिसते. फोटोवाल्याने म्हटलं असतं, काय रंग आहे. कडेला गडद हिरवा, मध्ये फिका, आणि खडकांपाशी तपकिरी फेसाची एक जाड किनार, भातावर येते तशी. टाकी आज सुटली नव्हती. ही चार दिवसांची शिळी पुंजी होती. आज फोटोसाठी बोट आधी इथेच लागली होती, आणि त्या हिरव्यात बारा-पंधरा डोकी होती. एक तान्हं लेकरू होतं, बापाच्या खांद्यावर. एका गलेलठ्ठ पाहुण्याने ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि बायकोला ओरडून सांगितलं की पाणी खरंच कोमट आहे.

नळवाल्याला तिथेच उलटी झाली. वीस वर्षं त्या टाकीत हात घातलेला माणूस, कधी नाक मुरडलं नव्हतं, त्याला एका आनंदी माणसाची ओंजळ बघून ओकारी आली.

तो खाली पोचला तेव्हा मासोळी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. केस भिजलेले. म्हणजे बुडी मारून झाली होती. फोटोवाला गुडघाभर पाण्यात वाकून म्हणत होता, हसा, अजून हसा, ताजं हसा. आणि ती हसत होती.

"बाहेर या सगळे," नळवाला म्हणाला. त्याचा आवाज फार मोठा निघाला नाही. परत म्हणाला, "पाण्याबाहेर या. हे हॉटेलच्या संडासाचं पाणी आहे."

पाहुणे हसले. काखेत चाक घेतलेला घामेजलेला म्हातारा. त्यांना वाटलं सफरीतलाच काही खेळ असेल. गलेलठ्ठ पाहुण्याने टाळीसुद्धा वाजवली. मासोळी मात्र हसायची थांबली. बापाचा चेहरा तिला वाचता येत होता.

"बाबा, जेलीफिश आले का?"

"जेलीफिश कधीच नव्हते, पोरी."

मग त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, न थांबता. टाकी, चाक, दहा ते अकरा, भरती, टेकडीचं टोक. जेलीफिशचा दिवस म्हणजे कुठला दिवस. बोलताना तो चाक दाखवत होता, जणू ते साक्षीदार होतं. हळूहळू हसणं विझलं. एका बाईने आपल्या हाताचा वास घेतला. एवढंच. तिने हात नाकाशी नेला आणि तिचं तोंड वाकडं झालं, मग शेजारणीने आपला हात हुंगला, आणि मग सगळेच एकमेकांना ढकलत वाळूकडे पळत सुटले, लेकरं रडायला लागली, कोणी थुंकतंय, कोणी वाळूने अंग घासतंय. फोटोवाल्याने आधी कॅमेरे डोक्यावर धरले आणि मग स्वतः पळाला.

मासोळी पाण्यातच उभी राहिली. तिने एकच विचारलं. "किती दिवस?"

"दीड वर्ष."

"आणि रोज संध्याकाळी माझ्या कानात थेंब टाकत होता तुम्ही."

ती पाण्यातून बाहेर आली, त्याच्या बाजूने गेली, त्याचा हात आपल्याला लागू नये म्हणून अंग चोरून, आणि बोटीत जाऊन टोकाशी पाठ करून बसली.

तो टेकडीवरून परत आला. बोट त्याच्या आधी पोचली होती. हॉटेलच्या मागच्या अंगणात झाकण उचललं गेलं होतं आणि टाकी वर आली होती, अगदी सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी. टेबलांचे पाय बुडाले होते. पांढऱ्या कापडांच्या झालरींनी टाकीतलं पाणी वर ओढून घेतलं होतं. बर्फाचं घमेलं तरंगत होतं, त्यात दोन बाटल्या. साहेब एका खुर्चीवर चढून उभा होता आणि फोनवर कोणाला तरी सांगत होता की किरकोळ गळती आहे. खालून वाहत गेलेल्या पाण्याने त्याचे बूट नेले होते. नळवाल्याने चाक त्याच्या खुर्चीपाशी ठेवलं. बरोबर त्या घाणीत.

दोन खोल्या आठवड्यात सोडाव्या लागल्या. बापाची नोकरी गेली, लेकीचीही गेली. तिची तर काही चूक नसताना. गावात एक खोली मिळाली. पाहुण्यांनी तक्रारी लिहिल्या, त्यावर तपासणी आली, खुर्च्या बाहेर निघाल्या, दिवा लागला, चहा झाला. नवा नळवाला आला. तो घड्याळात पटाईत आहे असं कळलं.

आणि महिन्याभराने नवं पत्रक छापून आलं. बोटीच्या धक्क्यावर कोणी तरी टाकलेलं बायकोला सापडलं, ती घरी घेऊन आली. मुखपृष्ठावर तिसरा किनारा. पाचूच्या पाण्यात कमरेएवढी मासोळी, मान वर केलेली, खळखळून हसणारी. बाप टेकडी उतरून यायच्या घटकाभर आधीचं हसू. खाली तेच, अंगाला लागताच उबदार.

मासोळीने ते बघितलं. चुलीपाशी गेली, आत सारलं. चकचकीत कागद लवकर पेटेना, नुसता काळा धूर निघाला.

त्या संध्याकाळी ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. कान अजून वाहत होता. नळवाल्याने सवयीने कापूस घेतला, बाटली घेतली, जवळ गेला. तिने डोळे मिटले होते. तसेच ठेवून म्हणाली, "आई, यांना सांग, आधी हात धुवून या म्हणावं."

तो बाहेर मोरीवर गेला. साबणाने धुतले, मग मातीने, मग परत साबणाने. नखं घासली, कोपरापर्यंत घासलं, कातडी लाल होईपर्यंत. हुंगून बघितले. परत धुतले.

आत आला तेव्हा बाटलीचं बूच लावलेलं होतं. आईने थरथरत्या हाताने थेंब टाकले होते, निम्मे गालावर ओघळले होते, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती.